यंत्रांना हवा लागत नाही

तपासनीस : हा पंखा तुम्ही मुद्दाम थांबवलात का? माझ्यासाठी, चाचणी म्हणून?

दादा : नाही साहेब, मी हात नाही लावला. तुम्ही बसा या स्टुलावर. मी वर विचारतो.

तपासनीस : मी उभा ठीक आहे. फक्त नोंदीसाठी विचारलं.

दादा : हॅलो, मॅडम? खालून बोलतोय. हवेचा पंखा बंद पडलाय, दिवेही अर्धेच राहिलेत. काय चाललंय वर?

मॅडम : पडला नाही, मीच बंद केलाय. पाहुणे जवळ आहेत का?

दादा : खांद्याला खांदा लावून उभे आहेत. खाणीत दुसरीकडे जातील कुठे?

मॅडम : मग स्पीकर लाव, त्यांनाही ऐकू दे. सर, नमस्कार. जरा शांतपणे ऐका. शहरातलं आमचं संगणकांचं मुख्य केंद्र गेलं. नदीचं पाणी तळघरात शिरलं आणि तिथली सगळी यंत्रं एका फटक्यात बंद पडली.

तपासनीस : म्हणजे रुग्णालयांची सगळी व्यवस्था...

मॅडम : तुमच्या पुढ्यातल्या कपाटांवर आली. मघाशी हिरवे दिवे भराभरा लुकलुकायला लागले असतील ना, तेव्हाच.

दादा : मला वाटलं, साहेबांना दाखवायला तू रोषणाई केलीस.

तपासनीस : थांबा. म्हणजे हा सराव नाही?

मॅडम : नाही सर. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध, किती द्यायचं, कोणाचा रक्तगट काय, आत्ता टेबलावर कोण आहे, हे सगळं या घडीला तुमच्याजवळच्या त्या कपाटांतून चाललंय. त्यासाठीच तर ही मिठाची खाण घेतली. पाणी येत नाही, आग येत नाही, वरून काही पडत नाही. तिथपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. मग इथलीही वीज गेली.

दादा : जनरेटर?

मॅडम : यंत्रांचा लागला.

दादा : आणि लिफ्टचा?

मॅडम : नाही लागला.

दादा : ठमे!

मॅडम : माहीत आहे रे मला. ओरडू नकोस.

तपासनीस : एक मिनिट. सकाळी ऑफिसात तुम्ही मला म्हणालात, दोन्ही जनरेटर व्यवस्थित आहेत.

मॅडम : म्हणाले. लिफ्टच्या जनरेटरचा पंप दुरुस्तीला गेलाय. या आठवड्यात परत यायचा होता. म्हटलं, चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय?

दादा : आणि नेमकं कोसळलं. मला तरी सांगायचंस. माझ्यापुढेही मिठाची गुळणी धरून बसलीस.

मॅडम : तुला सांगितलं असतं तर तू यांना घेऊन खाली गेलाच नसतास.

दादा : नसतोच गेलो.

तपासनीस : लिफ्ट बंद आहे, एवढं समजलं. पण पंखा का बंद केलात, ते समजलं नाही.

मॅडम : जनरेटर एकच राहिलाय, सर. सगळी कपाटं एकदम जोरात चाललीत, तापताहेत. त्यांचा गारवा वाढवावा लागला. यंत्रं, गारवा आणि पंखा, तिन्ही त्याला ओढवत नाहीत. दोनदा आचके दिले त्यानं. तिसऱ्यांदा बंदच पडला असता.

तपासनीस : म्हणून माणसांची हवा बंद केलीत.

मॅडम : यंत्रांना हवा लागत नाही, सर. माणसांना लागते. तेव्हा माणसांनी वर यायचं.

दादा : कसं?

मॅडम : हे बघ...

दादा : लिफ्ट नाही म्हणतेस. मग कसं? उडून?

मॅडम : ट्रॉलीच्या बोगद्यानं.

दादा : साहेब, मी स्पीकर बंद करतोय. दोन पावलं तिकडे सरकता का? घरचं बोलायचंय.

तपासनीस : हो. बोला. मी इथे कपाटापाशी उभा राहतो.

दादा : ऐक आता. यंत्रं बंद कर, तो जनरेटर लिफ्टला जोड. आम्ही वर आलो की पुन्हा लाव यंत्रं.

मॅडम : एकदा बंद केली की पुन्हा उभी राहायला तास-दीड तास. एका रुग्णालयातून मघाशीच फोन होता. छाती उघडलेला माणूस आहे टेबलावर. दुसरीकडे काचेच्या पेटीतली बाळं आहेत, त्यांच्या औषधांचे थेंब पडद्यावर बघून देतात. त्यांना काय सांगू? तासभर अंदाजपंचे चालवा?

दादा : बॅटऱ्या आहेत ना? तेवढ्यापुरतं बॅटऱ्यांवर भागव.

मॅडम : वीज गेली तेव्हाच त्यांनी दम टाकला. भरायला वेळ लागेल.

दादा : मग थांबतो इथेच. हवा काय लगेच संपत नाही. खोल्या मोठ्या आहेत.

मॅडम : बाहेरच्या खोल्या मोठ्या आहेत. तुम्ही काचेच्या दाराआड आहात. आणि वीज कधी येणार, कोणी छातीठोक सांगत नाही. अर्धं शहर पाण्यात आहे. हवा जड झाल्यावर निघालात तर ती चढण चढवणार आहे का तुम्हाला?

दादा : मग साहेबांना पाठवतो. मी थांबतो.

मॅडम : एकट्यांना? आयुष्यात पहिल्यांदा खाणीत उतरलाय तो माणूस.

दादा : त्या बोगद्यात मी पाय ठेवत नाही, ठमे. का ठेवत नाही, तेही तुला माहीत आहे.

मॅडम : माहीत आहे. तू आत होतास तेव्हा आईला मीच धरून बसले होते बाहेर.

दादा : खाण बंद झाल्यावर तू मला ही नोकरी देताना काय कबूल केलंस? लिफ्टनं जायचं, लिफ्टनं यायचं. तिकडे बघायचंसुद्धा नाही.

मॅडम : कबूल केलं होतं.

दादा : मग?

मॅडम : मग आज शब्द फिरवतेय.

दादा : हे बहीण म्हणून सांगतेस की मॅडम म्हणून?

मॅडम : कुणाचं ऐकशील?

दादा : कुणाचंच नाही.

मॅडम : दादा, ऐक जरा. एका हाताखाली जनरेटरचं बटण आहे. तू म्हणशील तर दाबते. खरंच दाबते. तुझ्यापुढे मला कोणी मोठं नाही. पण मग आज काय झालं, ते तू आणि मी जन्मभर विचारत बसू. तूच सांग, दाबू?

दादा : माझ्या गळ्यात कशाला बांधतेस?

मॅडम : कारण माझ्या एकटीच्यानं उचलवत नाही.

दादा : ठेव फोन. जरा विचार करू दे.

मॅडम : फार वेळ नको घेऊस.

दादा : ठेव म्हटलं ना.

तपासनीस : झालं बोलणं?

दादा : झालं... साहेब, अहो, तुम्ही घामानं भिजलात की. इथे तर गारठा आहे.

तपासनीस : काही नाही. होतं असं.

दादा : कपाट सोडा आधी, बोटं पांढरी पडलीत तुमची. खाली बसा. तोंड उघडू नका, नाकानं घ्या श्वास. हं. छातीत दुखतंय?

तपासनीस : नाही. हृदय चांगलं आहे माझं, तपासून घेतलंय. हे वेगळं आहे. मला बंद जागा सहन होत नाहीत.

दादा : काय?

तपासनीस : लिफ्ट बंद आहे हे ऐकलं, आणि भिंती सरकायला लागल्या. माहीत आहे मला, त्या सरकत नाहीत. पण सरकताहेत.

दादा : अहो, मग हा धंदा कशाला करता? घरी सांगून तरी येता का?

तपासनीस : बायकोला वाटतं, मी ऑफिसात बसून कागद तपासतो. लग्नाआधीपासून तिला तसंच सांगत आलोय.

दादा : कमाल आहे. चोरसुद्धा घरी एवढं लपवत नसेल.

तपासनीस : जिथे कोणी जायचं नाही तिथेच हल्ली ही यंत्रं ठेवतात. जितकी जागा विचित्र, तितकी सुरक्षित. एकदा एका बंद पडलेल्या तुरुंगात होती, प्रत्येक कोठडीत एक कपाट. मी आत गेलो आणि पहारेकऱ्यानं सवयीनं बाहेरून कडी लावली.

दादा : अरे देवा.

तपासनीस : एकदा जुन्या पेढीच्या तिजोरीत. दार माझ्या उंचीएवढं जाड. एकदा डोंगराच्या पोटात, सैन्यानं सोडलेल्या भुयारात. मी दारं मोजतो, दिवे मोजतो, प्रश्न विचारतो. प्रश्न विचारत राहिलं की ही भीती मागे राहते.

दादा : म्हणून सकाळपासून माझं डोकं खाताय होय? मला वाटलं, हुशारी दाखवताय.

तपासनीस : हुशारी नाही हो. जीव वाचवतोय.

दादा : हं... बरं. बसून राहिलात तर तुमचं अवघड आहे. अजून थोड्या वेळानं तुम्हाला पाठीवर घ्यावं लागेल, आणि माझी पाठ आता पूर्वीची नाही. चला, उठा.

तपासनीस : कुठे? बोगद्यात? तुम्ही तर म्हणालात, पाय ठेवणार नाही. माझ्या कानावर आलं.

दादा : घरचं बोलणं ऐकायचं नसतं साहेब. हा दिवा डोक्याला बांधा. हॅलो, ठमे? निघतोय आम्ही. वरचं फाटक उघडून ठेव.

मॅडम : दादा...

दादा : आता रडू नकोस. रडलीस तर परत फिरेन. वाटेतला फोन चालू आहे ना?

मॅडम : मधल्या वळणावरचा चालू आहे. तिथून फोन कर. नाही केलास तर मी बटण दाबणार. छाती उघडलेला माणूस असो की कोणी असो.

(काचेचं दार, लोखंडी दार, आणि मग वर चढत जाणारा अंधार. दोन दिवे.)

तपासनीस : हे रूळ वरपर्यंत आहेत?

दादा : वरपर्यंत. दोन रुळांच्या मधून चाला. पायाखाली बघा, छताकडे नको.

तपासनीस : छत किती उंच आहे?

दादा : नको म्हटलं ना? पुरेल एवढं आहे. तुम्ही काही ताडमाड नाही.

तपासनीस : रोज याच वाटेनं मीठ वर जायचं?

दादा : दिवसभर. खाली भरायचं, ट्रॉली दोरखंडाला लावायची, मागेपुढे एकेक माणूस. वर पोचलो की पापण्यांवर मीठ, कानांत मीठ. घरी ठमी म्हणायची, दादाला आमटीत बुडवा, आमटीला वेगळं मीठ नको.

तपासनीस : मॅडम तुमच्याहून लहान आहेत?

दादा : बऱ्याच. मी खाणीत उतरलो तेव्हा ती पाटी घेऊन शाळेत जात होती. तिनं शिकावं म्हणून मी उतरलो आणि ती शिकून माझीच साहेब झाली. चारचौघांत मॅडम म्हणतो मी. तिला नाही आवडत. मला आवडतं.

तपासनीस : श्वास लागतोय तुम्हाला.

दादा : चढण आहे. तुमचं काय?

तपासनीस : भिंती अजून सरकताहेत. पण आपणही सरकतोय, त्यामुळे बरं वाटतंय.

दादा : हे बरं बोललात. तो बघा, फोन. थांबा. हॅलो?

मॅडम : किती उशीर केलास! जीव टांगणीला लागला होता माझा. बरे आहात?

दादा : चालताहोत. साहेब माझ्याहून बरे चालतात.

मॅडम : आणि तू?

दादा : अजून ती जागा आली नाही.

मॅडम : दादा, तिथून न थांबता ये. नुसतं चालत ये. जनरेटर नीट चाललाय. मी फाटकाकडे निघते, चावी घेतलीय.

दादा : त्याला एकटं सोडून?

मॅडम : जनरेटर लहान मूल नाही, दादा.

दादा : लहान मूल बरं. ते रडून तरी सांगतं. ठेवतो.

तपासनीस : कुठली जागा?

दादा : चला साहेब. चालताना बोलू नये, दम जातो.

तपासनीस : आत्तापर्यंत तुम्हीच बोलत होतात.

दादा : आता नाही बोलत.

तपासनीस : ठीक आहे... इथे खडे पडलेत. सांभाळा... इथे भिंत ओलसर वाटते, पण ओली नाही. चकाकते... दादा? तुम्हाला दादा म्हटलं तर चालेल ना? का थांबलात?

दादा : इथून पुढे तुम्ही जा.

तपासनीस : म्हणजे?

दादा : सरळ वाट आहे. एक वळण घेतलं की फाटकाचा उजेड दिसेल. ठमी असेल तिथे.

तपासनीस : मी एकटा नाही जाऊ शकत.

दादा : वाट चुकायला जागाच नाही हो.

तपासनीस : वाटेचं म्हणत नाही मी. माझे पाय तुमच्या पाठीमागे चालताहेत. पाठ थांबली की ते थांबतात.

दादा : माझाही दिवा घ्या. दोन दिवे घेऊन जा.

तपासनीस : आणि तुम्ही अंधारात बसणार?

दादा : सवय आहे. इथल्याच अंधाराची सवय आहे.

तपासनीस : इथे काय झालं होतं?

दादा : छत आलं खाली. त्या लोखंडी कमानी दिसताहेत ना, त्या नंतर घातल्या. आधी लाकडाचे टेकू होते. शेवटची ट्रॉली नेत होतो आम्ही. मी पुढे, जोडीदार मागे. पैलवान म्हणायचो त्याला. अंगानं काडी, बोलण्यात पैलवान. छत पुढे पडलं, मागे पडलं आणि मी मधल्या फटीत राहिलो. तो ढिगाच्या पलीकडे. हातभर अंतर असेल. हात पोचत नव्हता, आवाज पोचत होता.

तपासनीस : मग?

दादा : बोलत होतो. त्याचं लग्न ठरत होतं. मुलगी उंच आहे म्हणून आई नको म्हणते, म्हणाला. मी म्हटलं, बरंच आहे की, माळ्यावरचे डबे काढायला माणूस झालं. हसला तो. मग मी बोलत राहिलो. बरंच बोललो. आणि एकदम लक्षात आलं, की मी एकटाच बोलतोय.

तपासनीस : किती वेळ होतात आत?

दादा : नाही मोजलं. बाहेर काढलं तेव्हासुद्धा मी बोलतच होतो म्हणे. जा साहेब तुम्ही. माझे पाय उचलत नाहीत. खोटं नाही सांगत, लाकूड झालेत. बघा हात लावून.

तपासनीस : ह्या कमानींमध्ये अंतर किती आहे?

दादा : काय?

तपासनीस : दोन लोखंडी कमानींमधलं अंतर. मला नोंद करायची आहे.

दादा : साहेब, ही वेळ आहे का?

तपासनीस : माझी हीच वेळ असते. किती अंतर?

दादा : असेल दोन-तीन हात.

तपासनीस : ‘असेल’ मी लिहीत नाही. मोजून सांगा.

दादा : मोजायला पुढे जावं लागेल.

तपासनीस : हो.

दादा : लबाड आहात हो तुम्ही.

तपासनीस : मी घाबरलेला आहे. लबाडी करायला डोकं थाऱ्यावर लागतं. हा माझा हात धरा. हं. ही पहिली कमान. गंज आहे?

दादा : आहे. मिठात लोखंड गंजणारच.

तपासनीस : वरवरचा की आतपर्यंत? नखानं खरवडून बघा.

दादा : वरवरचा.

तपासनीस : पुढची. ही हलते का?

दादा : नाही. घट्ट आहे.

तपासनीस : मधलं अंतर?

दादा : तीन हात. भरून तीन हात.

तपासनीस : छान. पुढची. बोल्ट सगळे आहेत?

दादा : एक नाही. भोक रिकामं आहे.

तपासनीस : नोंद केली.

दादा : कुठे केलीत? एक हात माझ्या हातात, दुसरा भिंतीवर.

तपासनीस : डोक्यात. पुढची कमान.

दादा : ही... इथे होता तो. या बाजूला.

तपासनीस : या कमानीपाशी?

दादा : याच.

तपासनीस : नोंद करू?

दादा : करा.

तपासनीस : काय लिहू?

दादा : पैलवान. एवढंच लिहा. त्याचं खरं नाव त्यालाही आवडत नव्हतं.

तपासनीस : लिहिलं. चला, पुढची. अंतर सांगा.

दादा : तीन हात... साहेब, मला रडू येतंय.

तपासनीस : येऊ द्या. गंज आहे की नाही, तेवढं रडता रडता सांगा.

दादा : आहे. वरवरचा.

तपासनीस : पुढची.

दादा : संपल्या. यापुढे नुसतं मीठ.

तपासनीस : मग तो समोर उजेड कसला आहे?

दादा : फाटकाचा. ठमे! ठमे, आलो आम्ही!

मॅडम : दादा! थांब, थांब. कुलूप निघत नाही रे. चावी फिरतच नाही, मिठानं धरलंय सगळं. कधीची खटपट करतेय.

तपासनीस : निघत नाही म्हणजे? फाटक उघडणार नाही?

दादा : साहेब, हात नका सोडू. बाहेर बघा, झाड दिसतंय ना? त्या झाडाकडे बघत राहा. ठमे, पहार आहे?

मॅडम : आणलीय. कुलपावर मारून मारून हात सोलवटले.

दादा : कुलपावर मारून काय होणार? कोयंड्यात घाल आणि खाली जोर दे. अंगाचा भार टाक. इतकी वर्षं खाऊन कमावलंयस ते आज कामी येऊ दे.

मॅडम : या वेळी सुद्धा...!

दादा : राग आला ना? आता दे जोर.

मॅडम : आई गं... निघाला! निघाला कोयंडा! या, या बाहेर. सर, सांभाळून. या इथे बसा गवतावर. दादा, तू बरा आहेस ना? बघू इकडे. तुझं तोंड पांढरं झालंय.

दादा : मीठ आहे ते.

मॅडम : डोळ्यांखाली दोन ओघळ आहेत मिठात.

दादा : असू देत. साहेब, आता सोडा हात. आलो आपण.

तपासनीस : मी केव्हाच सोडलाय. तुम्ही धरलाय.

दादा : अरेच्चा.

तपासनीस : राहू द्या. घाई नाही.

मॅडम : सर, पाणी घ्या. आणि... माफ करा मला. सकाळी खोटं बोलले. दोष माझा आहे, खाणीचा नाही, दादाचा तर मुळीच नाही.

तपासनीस : मी एकदम सगळं सांगतो, म्हणजे नंतर बोलायला संकोच नको. ही जागा आजच्या घडीला अपात्र आहे, असं मी लिहिणार. लिफ्टला जनरेटर नाही. पंखा आणि गारवा एकाच जनरेटरवर. बोगद्यात दिवे नाहीत, फाटकाचं कुलूप चालत नाही, एका कमानीचा बोल्ट नाही.

मॅडम : सर, या क्षणाला तुमची सगळी रुग्णालयं याच अपात्र जागेवर चाललीत.

तपासनीस : तेही लिहिणार. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहीन. वाचणाऱ्यांना जड जाईल, जाऊ दे.

मॅडम : आणि मी खोटं बोलले, ते?

तपासनीस : ते लिहावं लागेल.

मॅडम : मग माझी खुर्ची गेलीच म्हणायची.

तपासनीस : कदाचित. यंत्रं थांबवली नाहीत आणि माणसंही खाली ठेवली नाहीत, हेही त्याच पानावर असेल. पुढे माझ्या वरिष्ठांनी ठरवायचं. माझ्या हातात तेवढंच आहे.

दादा : लिहा साहेब. खरं तेच लिहा. ही लहानपणापासून अशीच आहे. परीक्षेत नापास झाली तरी घरी पेढे आणायची आणि मग रात्रभर रडायची.

मॅडम : एकदाच झाले होते नापास!

तपासनीस : दुरुस्त्या झाल्या की पुन्हा तपासणी होईल. पुन्हा कोणालातरी खाली जावं लागेल.

दादा : तुम्ही याल?

तपासनीस : दुसऱ्या कोणी यावं, असं मला मनापासून वाटतं... पण येईन. बायकोला खरं सांगून येईन. तेच जास्त अवघड आहे.

मॅडम : चला ऑफिसात. जनरेटरकडे बघायला हवं. दादा, उठतोस?

दादा : बसतो जरा. तू जा पुढे.

मॅडम : दादा, रागावलास माझ्यावर?

दादा : हो.

मॅडम : खूप?

दादा : खूप. दोन-चार दिवस राहील. तोवर माझ्याशी गोड बोलू नकोस, उगाच विरघळायला होतं.

मॅडम : बरं. नाही बोलत.

दादा : आणि हाताला काहीतरी बांध. रक्त येतंय.

मॅडम : बांधते. थांब, फोन वाजतोय. रुग्णालयाचा आहे... हॅलो? हो, बोला सिस्टर, मीच बोलतेय... हळू? म्हणजे किती हळू?... हो, हो, कळलं. आज दुसरीकडून चालू आहे ना, म्हणून... नाही, नाही, इथे काही झालेलं नाही... आणि ते टेबलावर होते, ते?... बरे आहेत? अच्छा. अच्छा... हो, बघते हं मी. ठेवते.

तपासनीस : काय म्हणाल्या?

मॅडम : मघापासून संगणकाचा पडदा जरा हळू उघडतोय म्हणाल्या. तक्रार लिहून घ्या म्हणाल्या.

दादा : आणि बाकी?

मॅडम : बाकी काही नाही. बाकी सगळं रोजच्यासारखंच आहे म्हणाल्या.